शाबूत सील

बजाजनगरातील माझ्या गॅरेजात मुंजाबांनी नावेचे इंजिन आणून ठेवले. जायकवाडीच्या जलाशयावर पेट्रोल पसरलेले दिसले होते व नाव रिकामी सापडली होती. तिच्यातून गेलेला त्यांचा पुत्र आदिनाथ मात्र अद्याप सापडला नव्हता.

"पेट्रोल गळू नये म्हून सील म्याच बसवलं व्हतं, मिस्त्री. ते फाटलं का, तेवढं बघा. पोराची माय माझ्याशी बोलंना झालीय."

आमची परीक्षा साधी असते. इंधनाचा भाग बादलीतील पाण्यात बुडवावा आणि त्याच्या नळीस तोंड लावून फुंकर घालावी. बुडबुडे आले, म्हणजे सील गेले.

मी ऊर भरून फुंकर घातली. पाणी निश्चल राहिले.

"सील शाबूत आहे, मुंजाबा. दोष तुमचा नव्हे."

त्यांनी डोळे पुसले. मी नळी खाली ठेवली.

तेव्हा बुडबुडे येऊ लागले. ते संथपणे येत, थांबत आणि पुन्हा येत. जणू निद्रिस्त मनुष्याचा श्वासच.

मुंजाबा गुडघ्यांवर बसले. नळी ओठांशी धरून ते हलकेच म्हणाले, "आदिनाथ, कुठं हायेस रं?"

बुडबुडे थांबले.

मग पलीकडून कुणी श्वास ओढून घ्यावा, तसे मुंजाबांचे गाल आत ओढले गेले. मी नळी हिसकावू लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात झिडकारला आणि नळीत श्वास सोडण्यासाठी पुन्हा ऊर भरून घेतला.