तिसरा वाकडा मासा

झोंबा शहरातल्या थंडीत, झियोनेच्या बाबांच्या काचेच्या टाकीतला तिसरा निळा मासाही पाठीतून वाकला, तेव्हा ती घाबरली. ती नर्स होती. माशांनाही क्षय होतो, त्याने त्यांचा कणा वाकतो आणि जखमेतून तो माणसालाही लागतो, हे तिला ठाऊक होतं. बाबा दर शनिवारी कोपरापर्यंत हात घालून टाकी घासायचे, आणि त्यांच्या अंगठ्यावरची जखम काही भरत नव्हती.

"मला काय धाड भरलीय? माशांचं बघ," बाबा म्हणाले.

तिने मत्स्य खात्यातून निवृत्त झालेल्या न्खोमांना घरी आणलं. त्यांनी मासे निरखले, खाणं विचारलं, मग खिशातला टेस्टर पाण्याला लावला. त्यातला दिवा लागला.

"क्षय नाही हा. पाणी गरम ठेवायची ही नळी तडकलीय. पाण्यात करंट उतरतोय, त्याच्या झटक्याने माशांचा कणा मोडतो." त्यांनी घाईघाईने प्लग उपटला. "कुणी हात घातला असता, तर जागीच गेला असता."

झियोनेने मनात शनिवार मोजले. पहिला मासा वाकल्यापासून महिनाभरात चार शनिवार झाले होते.

"बाबा, हात घालायच्या आधी तुम्ही बटण बंद करत होतात ना?"

"नाही गं." बाबांनी टाकीकडे पाहिलं, मग म्हणाले,



"पण शनिवारी लाईट असते कुठे आपल्याकडे?"