रंगावर बांधलेली वायर

तातेरावांची जीप पुन्हा दुकानासमोर उभी राहिली, तेव्हा अजमत मनातल्या मनात हसला. हा पाचवा बाजार.

आवाज परत आला, असं सांगून तातेरावांनी रेस दिली. टेपमधल्या गाण्यामागून घागरीत भुंगा अडकावा तशी घूंऽऽ सुरू झाली. रेस वाढली की ती चढायची, रेस सोडली की उतरायची. वायरिंगचं काम करणाऱ्याला एवढं पुरे होतं. टेपच्या अर्थिंगची वायर ढिली. ती उघड्या लोखंडाला घट्ट बसली पाहिजे. लोखंडावर रंग असेल तर आधी तो खरवडावा लागतो. दहा मिनिटांचं काम. अजमतनं ते चार वेळा केलं होतं, आणि चारही वेळा रंग तसाच ठेवून वरून वायर आवळली होती. आठ दिवस कसंबसं निभावेल, पुढच्या बाजाराला गाडी परत दारात येईल, इतपतच.

त्यानं तातेरावांना स्टूल दाखवलं. स्टूल बाहेर, भर उन्हात होतं. आत सावलीत बाकडं होतं, पण ते तातेरावांसाठी नव्हतं.

वडीगोद्रीच्या स्टँडवर त्या स्टुलाची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस नव्हता. तातेराव लष्करातून रिटायर होऊन आलेले. गाव त्यांना फौजी म्हणायचं. मोठा शिस्तीचा माणूस, म्हणजे दुसऱ्याला लावायच्या शिस्तीचा. सहा वर्षांपूर्वी बाजाराच्याच दिवशी त्यांच्या जीपची बॅटरी चोरीला गेली. तेव्हा दुकान अजमतचे अब्बा, सिराजोद्दीन, चालवायचे. सकाळी जीपला त्यांचा हात लागला होता, एवढा पुरावा फौजींना बास झाला. त्यांनी म्हाताऱ्याला या स्टुलावर बसवलं, दोन्ही हातांनी कान धरायला लावले आणि बाजार उठेपर्यंत उन्हात ठेवलं. लोक पिशव्या हातात धरून बघत होते. अजमत तेव्हा जालन्याला रोलिंग मिलमध्ये पाळीवर होता.

तिसऱ्या दिवशी बॅटरी सापडली, तातेरावांच्या सख्ख्या पुतण्याकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. पण घरचा मामला, मग तेरी भी चूप, मेरी भी चूप. तातेराव आले नाहीत, निरोपही नाही. अब्बा पुन्हा दुकानात बसले नाहीत. स्टँडवरून जायला नको म्हणून शेताच्या बांधानं फिरून यायचे. रात्र रात्र खाटेवर उठून बसायचे. दोन वर्षांत गेले. अजमतनं मिल सोडली, दुकान उघडलं, आणि स्टूल होतं तिथंच ठेवलं. एक दिवस फौजी येणार, हे तो धरून चालला होता.

आणि फौजी आले, नव्या टेपचा आवाज घेऊन. दर बाजाराला अजमत आधी मागून आलेल्या गाड्या करायचा आणि फौजींना दोन-दोन तास उन्हात तापवायचा. घरी जाऊन अम्मीला सांगायचा, आज दोन तास. ती नुसतं पुढ्यात ताट सरकवायची. अजमतला मात्र त्या दिवशी भाकर गोड लागायची.

आज त्यानं अडीच तास बसवलं. मग पाना घेऊन तो डॅशबोर्डखाली वाकला आणि तिथंच थांबला. बोल्टाखालचा रंग पार निघालेला होता. रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनं घासून लख्ख केलेली. आणि नट तीन आटे सैल. खड्ड्यांनी नट सैल होईल, पण रंग कसा निघेल?

गाडी कुणाला दाखवली, असं त्यानं विचारलं.

“कुणालाच न्हाई,” तातेराव स्टुलावरूनच म्हणाले. “अठरा वर्षं फौजेत वायरलेसवर होतो मी. तू रंगावर वायर बांधली ते पहिल्याच दिवशी कळलं. कशापायी बांधली तेबी कळलं. तरी येत राह्यलो. मागल्या बाजारावरून जाऊन घरी रंग काढला, बराबर बसवली. आवाज बिलकुल बंद. आन् आज निघताना परत ढिली केली.”

ते रस्त्याकडे बघत होते. कपाळावरचा घाम त्यांनी पुसला नव्हता.

“माफी मागायला तोंड उघडत न्हाई माझं. सिराजभाईला जितं बसवलं तितं बसलो, की त्या रात्री झोप लागती. किती बाजार बसायचं ते तू सांग.”

अजमतचं रक्त उसळलं. पाच बाजार आपण सूड उगवतोय असं त्याला वाटत होतं, आणि हा माणूस इथं येऊन झोपेचं औषध घेत होता. अब्बांच्या स्टुलावर बसून. अब्बांना कुठली झोप मिळाली होती? समोरचा चहावाला किटली हातात धरून बघत होता. आता पोरगं विरघळणार, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

अजमत पुन्हा खाली वाकला. त्यानं घासलेली जागा आणखी घासली. वायरीला नवं टोक लावलं, खाली दातेरी वायसर घातला, नट आवळला, त्यावर दुसरा नट आवळला, आणि पान्यावर सगळा भार टाकून शेवटचा अर्धा आटा दिला. आयुष्यात इतकं नेकीनं काम त्यानं कुणाचं केलं नव्हतं. मग गाडी सुरू करून रेस पुरी दाबली. नुसतं गाणं. मागं त्या घूंऽऽचा मागमूस नाही.

“उठा,” तो म्हणाला. “आता हा आवाज जन्मात येणार न्हाई. ह्या दुकानात यायचं तुमचं काम संपलं.”

तातेराव उठले. अजमतनं स्टूल उचललं, फडक्यानं पुसलं आणि आत नेऊन ठेवलं.

“ऱ्हाऊ दे की ते बाहेर,” तातेराव हळू आवाजात म्हणाले.

अजमतनं मागच्या टेम्पोला पुढं यायची खूण केली.