अडथळ्याचा रकाना

"ही पहिली. हात कोरडे आहेत ना?" म्हाताऱ्यानं विचारलं आणि वही टेबलावर ठेवली.

निवेदिकेनं रुमालाला हात पुसले. सत्तरीच्या बाईला असं विचारणं तिला गमतीचं वाटलं, पण वही बघून ती हसायची थांबली. जाड पुठ्ठ्याची बांधणी, छापील पानक्रमांक, आखीव रकाने: तारीख, वेळ, आवाज, अडथळा, बातम्यांचा सारांश, शेरा. कपाटात अशा आणखी बावीस वह्या होत्या.

रेडिओच्या लघुलहरींवर परदेशी केंद्रं ऐकणाऱ्या हौशी मंडळींचं एक मासिक पत्रक निघतं. त्यात तिनं चार ओळी छापून आणल्या होत्या: सीमेपलीकडून येणाऱ्या संध्याकाळी सातच्या बातम्या कुणी टिपून ठेवल्या आहेत का? उत्तर एकच आलं. कार्डावर तीन शब्द, ‘आहेत. सगळ्या. या’, आणि खाली लांब शेपटीची सही.

त्या बातम्या ती अकरा वर्षं वाचत होती. इथल्या सरकारला मात्र त्या नको होत्या. सात वाजले की त्याच लहरीवर इथून पिठाच्या गिरणीसारखी घरघर सोडली जायची, ती साडेसातला थांबायची. श्रोते आडमार्गानं पत्रं पाठवायचे की बाई, चार शब्द कळले, बाकी घरघर. पुढे केंद्रच बंद पडलं आणि फिती पुसून त्यांवर गाणी भरली गेली. तिच्याबरोबर वाचणारा निवेदक जाताना म्हणाला होता, "आयुष्यभर आपण भिंतीशी बोललो." ते वाक्य तिला फार लागलं होतं. त्याला खोटं पाडायलाच ती दोन गाड्या बदलून इथवर आली होती.

तिनं मधलंच एक पान उघडलं. ‘बातमी चौथी, खाणीतला अपघात. निवेदिकेनं तेराच्या जागी तीस वाचलं, लगेच सुधारलं.’

"अहो, हे तर आमच्या संपादकालाही कळलं नव्हतं," ती म्हणाली.

"मला कळलं."

पुढच्या पानावर होतं, ‘निवेदकाचा आवाज बसला आहे. रजा घ्यायला हवी.’ तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा काढून बराच वेळ काचा पुसत बसली. म्हातारा शहाणा, तो खिडकीबाहेर बघत राहिला.

सून चहा घेऊन आली. "बाबा या वह्यांना आम्हाला बोटही लावू देत नाहीत," ती म्हणाली. "तुमचं नशीब मोठं."

"वह्या किती सुरेख आहेत. त्या काळात असा कागद बघायला तरी मिळायचा का?"

"ऑफिसात मिळायचा," म्हातारा म्हणाला.

"आणि एवढ्या घरघरीत ऐकू कसं यायचं तुम्हाला? लोकांना माझं नावसुद्धा धड कळत नव्हतं."

"कामात लक्ष असलं की ऐकू येतं."

"त्या घरघरीनं एक कान गेलाय त्यांचा," सून म्हणाली. "अजून झोपेत घुमते म्हणतात." म्हाताऱ्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं, तशी ती रिकामा ट्रे उचलून आत गेली.

निवेदिका पानं उलटत होती. "अडथळ्याच्या रकान्यात रोज बरोबरची खूण का हो? आमचे श्रोते पत्रांत अडथळ्यापुढे फुली मारायचे. काही तर शिव्या लिहायचे."

"अडथळा रोज व्हायचा. म्हणून खूण."

असेल एकेकाची पद्धत. ज्या माणसानं अकरा वर्षांत एक संध्याकाळ चुकवली नाही, त्याला पद्धतीवरून काय छेडायचं? तिला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं. तिनं पर्समधून एक कार्ड काढलं. कुणी ऐकल्याचा तपशील कळवला की केंद्र त्याला असं कार्ड पाठवायचं, ऐकल्याची पावती म्हणून. कोरं असं हे शेवटचंच उरलं होतं.

"हे तुमचं. इतकी वर्षं एकदाही का नाही लिहिलंत आम्हाला?"

"नोकरी होती."

तिनं पेनाचं टोपण काढलं, आणि थांबली. "एक विचारू? पुराचा दिवस आहे का यात? आमच्या अगदी शेवटच्या दिवसांतला. वरचं धरण फुटायला आलं होतं आणि इथल्या रेडिओवर गाणी चालली होती. मी नदीकाठच्या सात गावांची नावं वाचली, म्हटलं, आत्ताच्या आत्ता उंचावर जा. नेमकी तेव्हाच घरघर थांबली. चार मिनिटं. नंतर पोतंभर पत्रं आली, बाई, तुमच्यामुळे वाचलो. मी काय वेगळं केलं होतं? मी तर रोजच वाचत होते. ती थांबली कशी, ते आजवर कुणाला कळलं नाही."

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला, कपाटातून तेविसावी वही काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"ही शेवटची. त्या दिवसानंतर माझी बदली झाली," तो म्हणाला. "कार्डावर आत्ता नाव घालू नका. आधी हे वाचा. मग द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा."

आणि तो बाहेरच्या खोलीत निघून गेला.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर ती तारीख होती. सारांशाच्या रकान्यात सातही गावांची नावं होती, तिनं वाचली त्याच क्रमानं. अडथळ्याच्या रकान्यात तेवढी एकच फुली. शेऱ्यात निळ्या शाईनं लिहिलं होतं: ‘७.१२ ते ७.१६. घरघर सोडण्याचे यंत्र तापल्याने बंद ठेवावे लागले. पाळीवरील यंत्रचालक.’ पुढे लांब शेपटीची सही. आणि त्याखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: ‘तापलं नव्हतं.’