डावा पाय साडेसात

"विका," मेहुणा म्हणाला. "आजच विका. भाव गगनाला भिडलाय भावोजी, आणि गगन भाड्याचं आहे."

"अजून जागा आहे वर," दुकानदार म्हणाला आणि बुटाच्या खोक्यावरची धूळ फडक्याने टिपू लागला.

मेहुणा गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला होता. समोरच्या बुटक्या आरशात त्याचे गुडघ्याखालचे पाय तेवढे दिसत होते आणि तेसुद्धा वाद घालत होते.

वाद होता घरपोच सगळं विकणाऱ्या त्या बड्या ऑनलाइन कंपनीचा. तिच्यापायी दुकानाचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, तेव्हा दुकानदाराने डोक्याला हात लावला नाही. तिचेच शेअर घेऊन ठेवले. गिऱ्हाईक गेलं तरी घरातच गेलं, असा विचार. शेअर तिप्पट झाले. आता जागामालक पाच वाजता येणार होता. करार नऊ वर्षांनी वाढवायचा तर जबर अनामत हवी, आणि तेवढे पैसे होते फक्त त्या शेअरमध्ये. शेअर ठेवावेत तर दुकान जातं. दुकान ठेवावं तर शेअर जातात. बाजार बंद व्हायला दीड तास उरला होता.

मेहुण्याची हयात विमा कचेरीत गेली होती. माणूस कधी मरेल याचा अंदाज त्याला तोंडपाठ होता. "कंपनी वर्षाला एक रुपया कमावते आणि लोक त्याचे दोनशे मोजतायत. वसूल व्हायला दोनशे वर्षं बसावं लागेल. तुमच्या घराण्यात नव्वदीच्या पुढे कोण गेलंय?"

"आत्या."

"शेअर आत्याच्या नावावर आहेत का?"

तेवढ्यात एक नर्स आत आली. दिवसभर उभं राहायचं काम, पाय भरून येतात, म्हणाली. दुकानदार गुडघ्यांवर बसला. त्याने तिचे दोन्ही पाय एकामागून एक लाकडी पट्टीवर ठेवले.

"डावा साडेसात, उजवा सात. साडेसातच घ्या. उजव्यात पातळ सोल कापून टाकतो, म्हणजे टाच उचलणार नाही."

तिने चार जोड घालून पाहिले, आरशापुढे फेऱ्या मारल्या, एका खोक्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढला आणि "विचार करून येते हं काका," म्हणून निघून गेली.

दुकानदाराचा चेहरा खुलला. "बघितलंस? रोज असे वीसेक जण. घरी जाऊन मागवतात. भाव वाढणार नाही तर काय होईल?"

"ती तुमचे गुडघे झिजवून गेली आणि तुम्ही खूश?"

"शेअरहोल्डर आहे मी."

 मेहुणा आरशातल्या आपल्या पायांकडे बघत बसला.

मग एक बसचालक काखेत पार्सलचं खोकं घेऊन आला. "काका, हे बूट चावतात. जरा सैल करून द्याल?"

दुकानदाराने बुटात लाकडी पाऊल घालून त्याचा स्क्रू पिळायला घेतला. "नंबर चुकलाय तुमचा."

"तिसरा जोड आहे हा. आधीचे दोन परत केले. कंपनीचा माणूस दारात येऊन घेऊन जातो, एकदम फुकट."

दुकानदाराचा हात थांबला. "फुकट कसं? जाण्यायेण्याचा खर्च कोण करतं?"

"कंपनी!" चालक कौतुकाने म्हणाला.

शेअरहोल्डरने स्क्रू आणखी एक आटा पिळला. "आधी इथे येऊन माप द्यायचं की. सगळे तेच करतात."

"येणारच होतो. पण दुकान बंद होणार असं कानावर आलं."

चालक गेला. दुकानदार पट्टीवरचे आकडे बघत राहिला. एक माणूस माप द्यायला आला नाही, तर दोन जोड परत. रोजचे वीस जण आले नाहीत तर? आणि अशी दुकानं गावोगाव बंद झाली तर?

"शेअर महाग आहे," तो म्हणाला.

मेहुणा ताडकन उठला. "हेच तर मी सकाळपासून बोंबलतोय! दोनशे पट..."

"तुझं ते दोनशे राहू दे. फुकट माप घ्यायला माझं दुकान चालू राहणार, हे त्या भावात धरलंय. मला न विचारता."

त्याने चष्मा लावला, फोन काढला आणि सगळे शेअर विकून टाकले. त्याला बुटाची नाडी बांधण्याएवढाच वेळ लागला. पाच वाजता जागामालक आला, दोघांच्या सह्या झाल्या. मेहुण्याने साक्षीदार म्हणून सही केली आणि खाली तारीख जरा ठळकच घातली.

जागामालकाची पाठ वळली तशी नर्स पुन्हा दारात उभी.

"काका, ते उजव्या बुटात टाकायचं सोल म्हणालात ना, ते फोनवर कुठे सापडेना. काय नावाने मिळतं?"

या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराने आजवर शंभरदा दिलं होतं, वर सोल कापून फुकटही दिलं होतं. त्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा छताकडे बघत होता.

"ते बुटाबरोबर येतं," दुकानदार म्हणाला.

ती उंबऱ्याशीच थांबली. बुटक्या आरशात तिची दोन पावलं रस्त्याकडे वळलेली दिसत होती. मग त्यातलं एक आत वळलं. डावं.