दुमडलेल्या बाह्या

गोठलेल्या निपिसिंग सरोवरावर लाल रंगाची फुली मारली होती. तिच्यावर कुणीतरी उभं राहिलं, की दिवेवाल्यांना उजेड जमवता येतो. लॉर्न पेल्की बापाचा लाल-काळ्या चौकड्यांचा कोट घालून तिकडे निघाला.

मासे धरायच्या खोपीशेजारी, कॅमेऱ्यातलं दृश्य दाखवणाऱ्या छोट्या पडद्यासमोर, त्याची आई आयलीन घोंगडी पांघरून बसली होती. वय चौऱ्याऐंशी. मुलगा आज सिनेमात बाप होणार म्हणून पहाटेपासून तयार होऊन बसलेली. कोटाच्या बाह्या मागच्याच आठवड्यात तिने आत दुमडून शिवल्या होत्या. तिच्या नवऱ्याचे, रॉयचे, हात लांब होते, लॉर्नचे आखूड.

फुलीपाशी पोचण्याआधी लॉर्नने बर्फावर दोनदा टाच आपटली आणि मान कलती करून कान दिला. त्याचं त्यालाही कळलं नाही.

"अगं बाई!" म्हातारीने कपडेपट सांभाळणाऱ्या ओडेटचं मनगटच धरलं. "रॉयच हा! अस्संच करायचा, बर्फावर पाय ठेवण्याआधी. हे घेतलंत ना गं सिनेमात?"

ओडेटने कॅमेऱ्याकडे पाहिलं. चित्रीकरण अजून सुरूच नव्हतं.

"लॉर्न, फळी घे रे पायाखाली!" सहायक ओरडला. "वेड कोलबर्न तुझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे!"

लॉर्न मुकाट्याने फळीवर चढला.

बापाच्या शेवटच्या हिवाळ्याची ही गोष्ट त्याने अकरा वर्षं लिहिली होती. पैसा उभा करायला दारोदार तोच फिरला होता, आणि बापाचं काम दुसऱ्या कुणी करावं हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पण वितरकाने बजावलं, अमेरिकेतला ओळखीचा चेहरा आण, नाहीतर विसर. सरकारी अनुदानाच्या नियमात एखादा परदेशी नट चालतो. त्याच्या वाट्याला नेमकं बापाचंच काम गेलं. आईला हे सांगायचा धीर काही लॉर्नला झाला नाही. तिने बाह्यांचं माप घेतलं तेव्हाही तो हात पसरून निमूट उभा राहिला होता.

तो अमेरिकन नट, वेड कोलबर्न, उबदार गाडीतून उतरला. माणूस भला, आल्या आल्या म्हातारीपुढे त्याने टोपी काढली. लॉर्नने कोट उतरवून त्याला दिला. वेडने तो चढवला, तर बाह्या मनगटाच्या चांगल्या तीन बोटं वर राहिल्या.

"उसवाव्या लागतील," ओडेट पुटपुटली.

आयलीनने कोटाकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"हा कोण?"

"रॉयचं काम हा करतोय, आई."

"आणि तू रे?"

"मी आपला उजेडापुरता."

"कुणी काढलं तुला?"

"निर्मात्यानं."

"बोलाव त्याला. मी विचारते, लाज कशी वाटली नाही म्हणून."

"मीच तो, आई."

 ओडेटने वेडच्या अंगातला कोट काढून घेतला आणि कात्री उघडली.

"आण इकडे," आयलीन म्हणाली. "दुहेरी टाका आहे. तू कापड फाडशील."

तिने कोट मांडीवर ओढला. तेवढ्यात आभाळ भरून आलं, जमवलेला उजेड फुकट गेला. सहायकाने पुन्हा हाक मारली, "लॉर्न, ये रे परत!"

तो नुसत्या सदऱ्यावर फुलीकडे गेला. दोनदा टाच आपटली, या वेळी मुद्दाम, जरा जोरातच. मान कलती केली. मग फळीवर चढून उभा राहिला.

पडद्यावर तो स्पष्ट दिसत होता. आयलीनने मान वर केली नाही. एकेक टाका तोडून तिने दोरा ओढून काढला, दुमड उलगडली आणि तळहाताने सपाट केली. बाही पुन्हा रॉयच्या मापाची झाली.