साठ उंदीर

अणदूरच्या दगडोबाबुवांचा कीर्तनातला पहाडी आवाज गळ्यातल्या गाठीनं पार गिळला. अशात मुंबईच्या प्रयोगशाळेत उंदरांना दाणापाणी करणाऱ्या त्यांच्या भाच्याचं, पिराजीचं पत्र आलं. "मामी, गाठ आपल्यासाठी रक्ताचे पाट ओढून घेती. नवं औषध ते पाटच आटवतं. पाण्यावाचून ऊस वाळावा, तशा साठ उंदरांच्या गाठी वाळल्या."

औंदाच्या दुष्काळात वाळलेला ऊस बुवांच्या बायकोच्या, सारजाबाईच्या डोळ्यांपुढंच होता. तिला लगेच पटलं. तेव्हापासून दर रविवारी ती अनवाणी खंडोबाला जाऊ लागली.

पाचव्या रविवारी ती देवळातून परतली, तर पिराजी ओसरीवर बसलेला. रिकाम्या हातानं.

"मामी, माणसाला द्यायला अजून लई वर्षं लागतील."

सारजाबाईनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. मग म्हणाली, "बरं. ते उंदीर तरी सुखानं खेळत असतील की रं?"

पिराजीनं मान खाली घातली. "न्हाय. आतले पाट आटले का, ते बघायला उंदीर कापावाच लागतो. एकबी ठेवत न्हायत."



पाच रविवार तिनं देवाजवळ एकच मागणं मागितलं होतं, "यांचंबी त्या उंदरांवानीच होऊ दे."