आईची परवानगी

फोनने शांतीबाईंना अल्पवयीन ठरवलं, तेव्हा त्यांची पंचावन्नी उलटली होती. ‘तुमचं वय कमी आहे. आई किंवा वडिलांकडून परवानगीचं बटण दाबून घ्या,’ अशी पाटी आली आणि व्हिडिओ कॉलचं ॲप काही पुढे हलेना.

घोळ त्यांचाच. त्यांची जन्मतारीख कोणी लिहूनच ठेवली नव्हती. बचत गटाच्या सचिव म्हणून अकरा वर्षं अर्ज भरताना तारखेच्या चौकटीत त्या एकच तारीख लिहीत आल्या होत्या, गटाच्या स्थापनेची. इथेही सवयीने तीच टाकली. म्हणून २०१७ साली त्या अकरा वर्षांच्या झाल्या.

लेक दुर्गेश्वरी नाशिकला बाळंत झाली होती. ॲप सुरू झालं तरच नातीचं तोंड दिसणार होतं. नवरा, पुरनलाल, पोट धरून हसले. बटण मीच दाबून देतो म्हणाले, कोण पाहायला येतं.

“तुमी का माये बाप आहा?” शांतीबाई म्हणाल्या. गटात एकीची सही दुसरीला कधी करू दिली नव्हती त्यांनी. वडील तर केव्हाच गेलेले. उरली आई.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्यांनी फुलचूरहून माहेरचं दरेकसा गाठलं. आई, रुख्माबाई, अंगणात तूर पाखडत होती. शांतीबाईंनी पाटी वाचून दाखवली. म्हातारीने सूप खाली ठेवलं.

“मी नाही म्हटलं त?”

“त नातीचं तोंड दिसत नाही.”

म्हातारीने फोन हातात घेतला.

“तुयं लगन जमलं तवा तू बाराची होतीस,” ती म्हणाली. “मले चुलीपाशी येऊन सांगतलं. इचारलं नाही कोनं.”

शांतीबाई चपापल्या. आईनेच हो म्हटलं असेल, हा राग त्यांनी जन्मभर मनात धरला होता. त्या आईला खेटून बसल्या. म्हातारीने लुगड्याला बोट पुसलं आणि ठासून बटण दाबलं.

पडद्यावर नवी ओळ आली. शांतीबाईंनी वाचली, ‘तुमची नक्की परवानगी आहे ना?’

रुख्माबाई बोळक्या तोंडाने खुदकन हसली.

“पाय बाई, दोनदा इचारून रायला.”